स्पेस गेम खेळताना स्क्रीनवर काळे चौकोन किंवा झगमग दिसते? डिस्प्ले बदलण्याआधी हे तपासा

रॉकेट बांधायचं, टाकीत इंधन भरायचं, उडवायचं आणि चंद्रावर उतरवायचं. असे अंतराळ उड्डाणाचे गेम खेळताना वेळ कसा जातो कळत नाही. मोबाईलवर ‘स्पेसफ्लाइट सिम्युलेटर’ आणि कॉम्प्युटरवर ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ ही त्यातली सगळ्यांना माहीत असलेली नावं. पण या प्रकारच्या गेममध्ये एक त्रास वारंवार दिसतो. रॉकेट वर गेलं की पृथ्वी झगमगते, काळे चौकोन येतात, रॉकेट थरथरतं, नाहीतर स्क्रीन काळी पडून फक्त बटणं उरतात.

मग पहिला विचार येतो, ‘गेला डिस्प्ले!’ इथेच खिशाला चाट बसते. या लेखात आपण बघू की दोष फोनच्या डिस्प्लेत आहे की गेमच्या चित्रात, हे घरबसल्या कसं ओळखायचं आणि कोणत्या क्रमाने उपाय करायचे.

हा लेख का लिहिला?

माझ्या मामाचं गाव बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात. मामा-मामी दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, मामाचा पोरगा शाळेसाठी आजीजवळ गावातच राहतो. मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून त्याला एक जुना ॲन्ड्रॉइड फोन घेऊन दिलेला. आई-बापाशी रोज रात्री बोलायचं साधन तेवढंच.

फेब्रुवारीत एक दिवस त्याचा फोन आला. आवाज रडवेला.

“दादा, डिस्प्ले गेला म्हणतोय दुकानवाला. साडेतीन हजार सांगितलेत. आईला सांगू का नको?”

मी विचारलं, “नेमकं काय दिसतंय?”

“रॉकेटचा गेम लावला की पाच-सात मिनिटांनी काळे चौकोन येतेत आन् लई झगमग करतंय.”

“व्हॉट्सॲपमध्ये येतं का? कॅमेऱ्यात?”

“नाय. गेममधीच.”

इथेच अर्धं उत्तर मिळालं. डिस्प्ले खराब असेल तर तो सगळीकडे खराब दिसतो. तो एकाच गेममध्ये खराब आणि बाकी सगळीकडे ठणठणीत, असं सहसा होत नाही. मी त्याला म्हटलं, “फोन दुकानात देऊ नकोस. गेम काढून पण टाकू नकोस. मी सांगतो तसं कर.” मी त्याला जे सांगितलं तेच इथे नीट मांडतो. गेमचं नाव मुद्दाम देत नाही, कारण शेवटी दोष गेमचा निघालाच नाही.

पहिली परीक्षा: स्क्रीनशॉट काढा

ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात उपयोगी परीक्षा आहे. पैसे लागत नाहीत आणि एक मिनिट पुरतं.

१. गेममध्ये बिघाड दिसत असतानाच स्क्रीनशॉट काढा.
२. तो दुसऱ्या फोनवर पाठवा आणि तिथे उघडून बघा.

स्क्रीनशॉट म्हणजे डिस्प्लेचा फोटो नाही. फोनच्या ग्राफिक्स चिपने जे चित्र तयार केलं त्याची ती प्रत असते. काचेत, पॅनेलमध्ये किंवा आतल्या पट्टीत दोष असेल तर तो या प्रतीत येऊच शकत नाही. म्हणून निकाल असा लावायचा:

• दुसऱ्या फोनवरही काळे चौकोन दिसले, तर तुमचा डिस्प्ले ठीक आहे. चित्रच चुकीचं तयार होतंय. दोष गेममध्ये, सेटिंगमध्ये किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये आहे.
• दुसऱ्या फोनवर चित्र स्वच्छ दिसलं आणि तुमच्या स्क्रीनवर मात्र रेघ किंवा डाग आहे, तर डिस्प्लेवर संशय घ्यायला जागा आहे.
• फक्त रंग बदललेले आहेत, म्हणजे सगळं पिवळट, काळपट किंवा उलट्या रंगाचं दिसतंय आणि स्क्रीनशॉटमध्ये ते येत नाही, तर आधी नाईट लाईट, एक्स्ट्रा डिम आणि कलर करेक्शन बंद करून बघा. हे बदल चित्र तयार झाल्यावर शेवटच्या टप्प्यात लागतात, त्यामुळे ते बऱ्याचदा स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाहीत.

जोडीला आणखी एक तपासणी करा. फोन बंद करून पुन्हा चालू करा आणि कंपनीचं चिन्ह येतं तेव्हा नीट बघा. त्या वेळी ॲन्ड्रॉइडही पूर्ण सुरू झालेलं नसतं, गेम तर दूरच. तिथेही तीच रेघ त्याच जागी दिसली तर तो हार्डवेअरचाच दोष समजा.

मामाच्या पोराने स्क्रीनशॉट पाठवला. माझ्या फोनवर काळे चौकोन जसेच्या तसे दिसले. म्हणजे साडेतीन हजारांचा नवा डिस्प्ले टाकला असता तरी चौकोन तिथेच राहिले असते.

स्पेस गेममध्येच हे जास्त का होतं?

क्रिकेटच्या गेममध्ये मैदान शे-दीडशे मीटरचं असतं. स्पेस गेममध्ये मात्र रॉकेटचा छोटासा पाय आणि लाखो किलोमीटरवरचा चंद्र एकाच जगात मांडावा लागतो. तिथे तीन अडचणी येतात.

पहिली अडचण आकड्यांची. बरेच गेम इंजिन वस्तूची जागा ३२ बिटच्या दशांश आकड्यात साठवतात. वर सांगितलेले दोन्ही गेम युनिटी या इंजिनवर बनलेले आहेत आणि तेही जागा अशीच साठवतं. या आकड्यात साधारण सात अंकच अचूक राहतात. सात घरांचा कॅल्क्युलेटर समजा. आकडा लहान असेल तर दशांशानंतरचे अंकही मावतात, पण आकडा कोटीत गेला की शेवटचे अंक गळून पडतात.

याचा हिशोब बघा. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर आहे. अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून मीटरमध्ये मोजलं तर जमिनीवर उभ्या रॉकेटची जागा अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या टप्प्यातच सांगता येते. चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे ३८,४४,००,००० मीटर. तिथे एक टप्पा चक्क ३२ मीटरचा होतो! २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरलेला चंद्रयान-३ चा विक्रम लँडर साधारण दोन मीटर लांबी-रुंदीचा होता. असा लँडर गेममध्ये ३२ मीटरच्या उड्या मारत उतरला तर काय दिसेल? थरथर आणि तुटके भाग.

‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ हा मेक्सिकोच्या स्क्वॉड कंपनीने बनवलेला गेम. तो २०११ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आला आणि त्याची १.० आवृत्ती एप्रिल २०१५ मध्ये आली. त्याच्या सुरुवातीच्या काळात याच कारणाने यानं थरथरायची आणि आपोआप फुटायची. खेळाडूंनी या दोषाला समुद्री राक्षसाचं नाव दिलं, ‘क्राकेन’. त्यावरचा उपाय भन्नाट आहे. रॉकेट जगात हलवण्याऐवजी रॉकेट शून्याजवळ ठेवायचं आणि सगळं जगच त्याच्याभोवती सरकवायचं. शून्याजवळ आकडे लहान असतात, त्यामुळे अचूकता टिकते.

दुसरी अडचण खोलीची. कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे, हे ग्राफिक्स चिप प्रत्येक ठिपक्यासाठी एका वेगळ्या आकड्यात लिहून ठेवते. हा आकडा २४ बिटचा असेल तर त्याच्या १,६७,७७,२१६ पायऱ्या होतात आणि त्यातल्या बहुतेक पायऱ्या कॅमेऱ्याजवळच खर्च होतात. लांबच्या ग्रहाची जमीन आणि त्यावरचे ढग यांना मग एकच आकडा मिळतो. चिपला कळत नाही की कोण पुढे. एका क्षणी जमीन, दुसऱ्या क्षणी ढग. हीच ती झगमग. ती मुख्यतः थ्रीडी गेममध्ये दिसते.

तिसरी अडचण उष्णतेची. आपल्या बीडकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. ॲपल आपल्या आयफोनसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस इतक्याच बाहेरच्या तापमानाची शिफारस करतं. पत्र्याच्या खोलीत दुपारी चार्जिंगला लावून गेम खेळला तर कोणताही फोन तापणार. फोन तापला की चिप स्वतःचा वेग कमी करते आणि ब्राइटनेसही आपोआप उतरतो. मग गेम अडखळतो, स्क्रीन मंद होते आणि आपण डिस्प्लेला दोष देतो.

उपाय करण्याआधी: तुमची रॉकेटं वाचवा

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण इथे केलेली चूक परत भरून येत नाही. बिघाड दिसला की बरेच जण गेम काढून पुन्हा टाकतात. बिघाड जातो की नाही माहीत नाही, पण महिनाभर खपून बनवलेली यानं मात्र जातात.

• ‘क्लिअर कॅशे’ सुरक्षित आहे. त्याने तात्पुरत्या फाइल जातात.
• ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ धोकादायक आहे. त्याने फोनमध्ये सेव्ह केलेलं सगळं जातं.
• गेम अनइन्स्टॉल केला तर त्याचं स्वतःचं फोल्डरही पुसलं जातं.

गेममध्ये क्लाउड सेव्हची सोय असेल तर आधी ती चालू करा. नसेल तर फोन यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि ‘ॲन्ड्रॉइड’ फोल्डरमधल्या ‘डेटा’ फोल्डरमध्ये त्या गेमच्या नावाचं फोल्डर शोधून त्याची प्रत काढा. ॲन्ड्रॉइड ११ पासून फोनमधल्या फाइल मॅनेजरला हे फोल्डर सहसा उघडता येत नाही, म्हणून कॉम्प्युटरचा मार्ग बरा. तेही जमत नसेल तर निदान आपल्या आवडत्या रॉकेटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, म्हणजे पुन्हा बांधता येईल.

क्रमाने करायचे उपाय

एक नियम पाळा: एका वेळी एकच बदल करा आणि लगेच गेम उघडून बघा. पाच बदल एकदम केले तर कशाने फरक पडला हे कळत नाही.

१. फोन थंड होऊ द्या. चार्जर काढा, कव्हर काढा, दहा-पंधरा मिनिटं सावलीत ठेवा. फ्रीजमध्ये ठेवू नका, आत दव धरतं. थंड फोनवर सुरुवातीची पाच मिनिटं नीट चाललं आणि मग बिघडलं, तर उष्णता किंवा मेमरीचा भार हे कारण धरा.

२. गेम पूर्ण बंद करा. फक्त होम बटण दाबून उपयोग नाही. सेटिंगमध्ये ॲप्स, मग गेमचं नाव, मग ‘फोर्स स्टॉप’. त्यानंतर फोन रिस्टार्ट करा.

३. कॅशे साफ करा. त्याच ठिकाणी स्टोरेजमध्ये जाऊन फक्त ‘क्लिअर कॅशे’. शेजारच्या बटणावर बोट जाणार नाही याची काळजी घ्या.

४. गेम आणि फोन दोन्ही अपडेट करा. ग्राफिक्स चिपचा ड्रायव्हर बहुतेक फोनमध्ये सिस्टीम अपडेटसोबतच येतो. पण अपडेटनंतरच बिघाड सुरू झाला असेल तर तेही लक्षात ठेवा, पुढे तक्रार करताना उपयोगी पडेल.

५. गेममधलं ग्राफिक्स कमी करा. क्वालिटी, सावल्या, ढग, अँटी-अलायझिंग असे पर्याय असतील ते एकेक करून खाली आणा.

६. स्क्रीनचा रिफ्रेश रेट बदला. फोनमध्ये ९० किंवा १२० हर्ट्झ असेल तर काही वेळ ६० वर ठेवून बघा.

७. स्क्रीनवर तरंगणारी ॲप बंद करा. ब्लू लाईट फिल्टर, स्क्रीन रेकॉर्डर, तरंगतं चॅट, गेम बूस्टर. सेटिंगमध्ये ‘डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स’ असं शोधा आणि नको त्यांची परवानगी काढा. काही गेम बूस्टर चित्राचं रिझोल्यूशन गुपचूप कमी करतात, त्यामुळेही कडा फाटल्यासारख्या दिसतात. फोन सेफ मोडमध्ये चालू करून बाकी स्क्रीन नीट आहे का हेही बघता येतं. मात्र सेफ मोडमध्ये डाउनलोड केलेली ॲप बंद असतात, त्यामुळे गेम तिथे चालणार नाही.

८. डेव्हलपर ऑप्शन्स तपासा. हा उपाय शेवटी ठेवलाय, पण आमच्या घरचा चोर इथेच सापडला.

चोर कसा सापडला?

पहिल्या सात उपायांनी फरक पडला नाही. तेव्हा मी विचारलं, “सेटिंगमध्ये काही बदल केला होतास का? खरं सांग.”

थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, “एक व्हिडिओ बघितला होता, गेमिंग स्पीड वाढवायचा. त्यात बिल्ड नंबरवर सात वेळा दाबायला सांगितलं होतं.”

बिल्ड नंबरवर सात वेळा दाबलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. ही सोय ॲप बनवणाऱ्यांसाठी आहे. व्हिडिओ बघून त्याने ‘फोर्स ४एक्स एमएसएए’ चालू केलं होतं. ओपनजीएल ईएस २.० वापरणाऱ्या ॲपमध्ये कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून हा पर्याय प्रत्येक ठिपक्यासाठी चार नमुने घ्यायला लावतो. वेग वाढत नाही, उलट चिपवरचं काम आणि मेमरीचा वापर वाढतो. जुना फोन, रॅम कमी, त्यात हा भार. तो पर्याय बंद केला, फोन रिस्टार्ट केला, गेम उघडला. पंधरा मिनिटं झाली तरी एकही काळा चौकोन आला नाही.

तुम्हीही असे व्हिडिओ बघून काही बदललं असेल तर हे पर्याय मूळ जागी आणा: फोर्स ४एक्स एमएसएए बंद, डिसेबल एचडब्ल्यू ओव्हरलेज बंद, फोर्स डार्क बंद, स्मॉलेस्ट विड्थ पूर्वीच्या आकड्यावर. काय बदललं तेच आठवत नसेल तर सगळ्यात वरचं बटण बंद करून डेव्हलपर ऑप्शन्सच बंद करा आणि फोन रिस्टार्ट करा. स्मॉलेस्ट विड्थ मात्र त्यानंतरही एकदा तपासा. तो आकडा तसाच राहिलेला असू शकतो.

लक्षण बघा, कारण ओळखा

• रॉकेट दूर गेल्यावरच थरथरतं, जवळ असताना ठीक: आकड्यांच्या अचूकतेचा दोष. तो गेम बनवणाऱ्यालाच सुधारावा लागेल. तोवर खूप मोठं यान टाळा.
• लांबचा ग्रह झगमगतो, जवळ गेल्यावर थांबतो: खोलीच्या आकड्यांची मारामारी. ग्राफिक्स क्वालिटी बदलून बघा.
• आकाशाच्या रंगात पायऱ्यांसारखे पट्टे: हा बिघाड नाही. साध्या आठ बिट चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ छटाच असतात, त्यामुळे गडद निळ्यातून काळ्यात जाताना पट्टे दिसतात.
• तारे दिसतच नाहीत: ब्राइटनेस वाढवा, एक्स्ट्रा डिम बंद करा.
• बटणं कडेला कापली जातात किंवा कॅमेऱ्याच्या छिद्राखाली जातात: डिस्प्ले सेटिंगमध्ये फुल स्क्रीन ॲप्स किंवा कॅमेरा कटआउट असा पर्याय शोधून त्या गेमसाठी बदला.
• चार्जिंगला लावल्यावर टच आपोआप चालतो: चार्जर किंवा केबल हलक्या दर्जाची असू शकते. मूळ चार्जर वापरून बघा, नाहीतर चार्जर काढून खेळा.
• एकच हिरवी किंवा गुलाबी उभी रेघ, सगळ्या ॲपमध्ये: हा पॅनेलचा दोष. सेटिंगने जाणार नाही.

खरंच डिस्प्ले गेला असेल तर?

स्क्रीनशॉट स्वच्छ आला आणि रेघ सगळीकडे दिसतेय, तर दुरुस्तीशिवाय पर्याय नाही. पण घाई करू नका. आधी वॉरंटी तपासा. त्यानंतर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून अंदाजे खर्च विचारा. दुकानात द्यायचा असेल तर डिस्प्ले मूळ कंपनीचा की कॉपी, हे आधीच ठरवा आणि बिलावर लिहून घ्या. जुना डिस्प्ले परत मागा. फोटो आणि नंबरांचा बॅकअप आधी काढा. वॉरंटीत असूनही कोणी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

दोष गेमचा असेल तर कळवा

गेम बनवणाऱ्यांना ‘गेम चालत नाही’ एवढंच सांगून उपयोग नाही. फोनचं मॉडेल, ॲन्ड्रॉइडची आवृत्ती, गेमची आवृत्ती, बिघाड नेमका कधी येतो आणि दहा-वीस सेकंदांचा स्क्रीन रेकॉर्डिंगचा व्हिडिओ, एवढं पाठवा. प्ले स्टोअरवर गेमच्या पानावर डेव्हलपरचा संपर्क दिलेला असतो.

शेवटी

मित्रांनो, एवढंच लक्षात ठेवा: आधी स्क्रीनशॉट, मग बॅकअप, मग एकेक उपाय, आणि दुकान सगळ्यात शेवटी. त्या दुकानदाराने मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही. त्याने झगमग बघितली आणि सवयीने डिस्प्ले सांगितला. पण साडेतीन हजार जमवायला त्या पोराच्या आई-बापाला किती मोळ्या बांधाव्या लागल्या असत्या, हे त्याला माहीत नव्हतं.

पोराने त्या रात्री आईला फोन केला, डिस्प्लेचा विषयच काढला नाही. मला मात्र दुसऱ्या दिवशी एक स्क्रीनशॉट आला. चंद्राच्या जमिनीवर वाकडंतिकडं उतरलेलं त्याचं यान. एक पाय तुटलेला, पण चित्र एकदम स्वच्छ.